साडूंच्या एकवीस घंटा

माझ्या थोरल्या साडूंइतका लोकांना हवाहवासा वाटणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल, आणि ही गोष्ट मला तीस वर्षं जराही सहन झाली नाही. आधीच कबूल करून टाकलेलं बरं. मी संगीतशिक्षक. गुरूंच्या घरी नऊ वर्षं राहून गळा आणि पेटी तयार केलेला, परीक्षांना मुलं बसवणारा, क्रांती चौकात एका दुकानाच्या माडीवर स्वतःच्या नावाची पाटी लावून गायनवर्ग चालवणारा. आणि ते बसस्टँडवरचे कंट्रोलर. गळ्यात शिट्टी, कानावर पेन्सिल, समोर गाड्यांच्या वेळांचा भलामोठा तक्ता आणि तोंडाशी खरखरणारा कर्णा. हेवा वाटायचाच तर त्यांना माझा वाटावा, असं माझं साधं गणित होतं. सासुरवाडीच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं की ते दरवेळी चुकायचं.

सासुरवाडी उस्मानपुऱ्यात. मी गेलो की सासूबाई पदर सावरून म्हणायच्या, “या, बसा.” मी बसायचो. पंखा लागायचा, फुलपात्रातून पाणी यायचं, मग सासरे वर्तमानपत्राचं एक पान मला द्यायचे आणि एक स्वतः घ्यायचे. साडू आले की मात्र ते येणार हे गल्लीच्या तोंडापासूनच कळायचं, कारण शेजारचे लोक दारात येऊन त्यांना गाड्यांच्या वेळा विचारायचे. ते घरात शिरायचे ते थेट स्वयंपाकघरात. पाटावर बसायचे, तव्यावरची भाकरी हातानं उचलायचे आणि सासूबाईंना म्हणायचे, “आई, ही भाकर लई टाइमावर निघाली बघा.” एवढ्या एका वाक्यावर सासूबाई दिवसभर खूश. मी एकदा त्यांच्या आमटीची अगदी मोजून मापून स्तुती केली होती, तर त्यांनी विचारलं, “मीठ कमी पडलं का?”

वेळ हा साडूंचा देव होता. दोन्ही मनगटांवर घड्याळं. डावं स्टँडचं, उजवं घरचं, आणि दोन्हींत एका मिनिटाचा फरक पडला तर जेवण गोड लागायचं नाही. कुणाकडे सहाला बोलावलं असलं की पावणेसहाला येऊन समोरच्या लिंबाखाली उभे राहायचे आणि सहाच्या ठोक्याला कडी वाजवायचे. “लेट गाडीची माणसं वाट तरी बघतात,” ते म्हणायचे, “टाइमाच्या आधी सुटली तर बिचाऱ्यांना नुसता धूर दिसतो.” माणूस भेटला की पहिला प्रश्न “गाव कोणतं?” आणि उत्तर आलं की त्या गावाची शेवटची गाडी. एकदा ओळखीतल्या एकाच्या मयतीला आम्ही दोघं गेलो होतो. मेलेल्या माणसाचा भाऊ सिल्लोडहून आला होता, ओट्यावर डोकं धरून बसला होता. मी त्याच्या शेजारी बसून आत्म्याविषयी दोन चांगले शब्द बोललो. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साडूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “सव्वाचारची आहे, पण आज तुम्ही जाऊ नका. उद्या सातची घ्या. फुलंब्रीला दहा मिनिटं थांबते, तिथं चहा घ्या.” तो माणूस त्यांच्या गळ्यात पडून रडला. घरी येईपर्यंत मी साडूंशी बोललो नाही.

निजामाचं राज्य गेलं, पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते तिसरीत होते. तोवर पाढे उर्दूत पाठ झालेले, मग शाळा मराठी झाली. त्यामुळं बोलणं मराठीत आणि मोजणं उर्दूत, ही त्यांची जन्माची सवय. आणि देवानं एवढं सगळं देऊन एक गोष्ट मात्र द्यायची टाळली होती, ती म्हणजे कान. सूर नावाची वस्तू जगात आहे हे त्यांनी लोकांकडून ऐकलं होतं, तेवढंच. गणपतीच्या आरतीला ते मोकळ्या गळ्यानं गायला लागले की मी दोन हात लांब सरकायचो. खरं सांगायचं तर त्या आरतीची मी वर्षभर वाट बघायचो. माझ्या वाट्याचा एवढा एकच प्रांत होता, आणि तिथं साडूंना शिरकाव नव्हता. निदान असं मी समजत होतो.

छावणीत एक सिस्टरबाई राहायच्या, मार्था नावाच्या. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, उंच, करड्या केसांच्या, पांढऱ्या साडीला जाड काळा पट्टा बांधणाऱ्या. सिल्लोडकडच्या एका खेड्यात दर गुरुवारी त्या बायकांना तपासायला जायच्या, म्हणून स्टँडवर त्यांची आणि साडूंची ओळख. एके गुरुवारी गाडी लेट झाली. साडूंनी त्यांना आपल्या खोलीत बसवून चहा पाजला आणि बोलता बोलता कळलं, की बाईंच्या पलंगाखाली एक ट्रंक आहे आणि तिच्यात एकवीस घंटा आहेत. फार पूर्वी एका विलायती मडमेनं त्या आणल्या होत्या. नाताळात ती नर्सांच्या हातात त्या द्यायची आणि सगळ्याजणी मिळून भजनं वाजवायच्या. मडम मायदेशी गेली, नर्सा लग्न होऊन पांगल्या आणि घंटा पलंगाखाली गेल्या.

त्याच रविवारी साडू त्या बघायला गेले. परत येताना थेट माझ्याकडे आले आणि दारातूनच बोलायला लागले. मी त्यांना इतकं हरखलेलं कधी पाहिलं नव्हतं. “मास्तर, काशाच्या घंटा आहेत. सगळ्यात मोठी तांब्याएवढी, सगळ्यात लहान लिंबाएवढी. धरायला कातडी मूठ. एका घंटेत एकच सूर. एका माणसाच्या हातात दोन घंटा, म्हणजे दोनच सूर. एकट्याला काहीच वाजवता येत नाय! दहा माणसं पाहिजेत, आन दहाही टाइमावर पाहिजेत!” एवढं बोलून ते खाली बसले, पाणी प्याले आणि मुद्द्यावर आले. “तुम्ही शिकवा. माणसं मी जमवतो.”

त्या वेळी मी हो म्हटलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्या वर्षी माझ्या वर्गात नऊच मुलं उरली होती, सासरच्यांनी दिवाळीत साडूंना चांदीचं फुलपात्र आणि मला कापड दिलं होतं, आणि मुख्य म्हणजे संगीतातली गोष्ट घेऊन हा माणूस माझ्या घरी आला होता, जणू काही त्यानंच ती शोधून काढली. मी म्हणालो, “दादा, घंटा वाजवायला गुरू कशाला? ते काम देवळाबाहेरचा कुणीही करतो.” त्यांनी उरलेलं पाणी संपवलं. मग म्हणाले, “हौ, तेबी खरंय,” आणि उजव्या हातातलं घड्याळ बघून निघून गेले.

महिन्याभरात त्यांनी माणसं जमवली. उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेचं सभागृह रविवारी सकाळी मिळवलं. मुठींचं कातडं कुजलं होतं, ते गुलमंडीवरच्या एका चांभाराकडून नवं करून घेतलं आणि त्यालाच दोन घंटा वाजवायला दिल्या. हाताच्या घामानं कासं काळवंडतं असं सिस्टरबाई म्हणाल्या, तर नूरभाई टेलरनी सगळ्यांना पांढऱ्या मांजरपाटाचे हातमोजे शिवले आणि मग स्वतःच्या मापाचे शिवून तेही येऊन उभे राहिले. दोन कंडक्टर आले, रजा टाकून. सिल्लोडच्या कापूस-व्यापाऱ्याचे दिवाणजी सकाळच्या पहिल्या गाडीनं यायचे. एक शाळामास्तरीण, एक भाजीवाली, तहसिलातला एक कारकून, आणि सगळ्यात मोठी घंटा धरून स्वतः सिस्टरबाई. माझ्या नवांतलाही एक तिकडे गेला. आणि एका रविवारी सकाळी आमची ही केसांत फूल माळून बाहेर निघाली.

“कुठं?” मी विचारलं.

“घंटेला,” ती म्हणाली. “दाजींनी मला दोन दिल्यात.”

जसं काही दागिने दिल्यात.

साडूंनी शिकवलं कसं, हे मला रोज जेवताना ऐकावं लागायचं. सिस्टरबाईंना चाल तोंडपाठ होती आणि कुठल्या सुरामागून कुठला येतो हे त्या सांगू शकत होत्या. तेवढ्यावर साडूंनी खाकी कागदावर हातभर लांबीचा तक्ता केला, अगदी स्टँडवरच्यासारखा. आडव्या ओळीत मात्रा, उभ्या ओळीत घंटांचे नंबर. प्रत्येक सूर म्हणजे एक गाडी, तिची सुटायची वेळ ठरलेली. ते समोर स्टुलावर उभे राहून शिट्टीच्या दोरीनं ताल द्यायचे आणि “एक, दो, तीन, चार” मोजायचे. घंटा छातीशी धरायची, पुढं झोकून वाजवायची, सूर पुरा झाला की परत छातीला टेकवून गप्प करायची. “वाजवणं सोपं आहे,” ते म्हणायचे, “गप्प उभं राहणं शिका. गाडी उभी असली तरी ड्युटीवरच असते.” हे वाक्य आमच्या हिनं मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी ताट सारून उठलो.

मत्सर माणसाला काय करायला लावतो बघा. मी, मास्तर म्हणून शहरात ज्याला लोक वाकून नमस्कार करतात तो, एका रविवारी त्या शाळेच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या हौदाआड जाऊन उभा राहिलो. खिडकी अर्धी उघडी होती. आत सगळे एका लांब टेबलामागे ओळीनं उभे, टेबलावर घोंगड्या अंथरलेल्या. वाजवणं म्हणाल तर आनंदच होता. एक घंटा पुढं, एक मागं, मधेच दिवाणजींची भलतीच. मला इतकं बरं वाटलं की मी जवळजवळ परत फिरलो होतो. आणि तेवढ्यात, पाचव्या का सहाव्या खेपेला, चार ओळींचं ते भजन एकाएकी जुळून आलं. दहा माणसांच्या हातांतून एकच गळा निघाला. हौदाच्या ओल्या भिंतीला टेकलेल्या माझ्या हातावर काटा उभा राहिला.

आणि मग मला ही दिसली. दोन्ही घंटा छातीशी धरून, ओठ किंचित उघडे, डोळे समोर. तिची पाळी येत होती. आली, तिनं हात पुढं झोकला, आणि सूर हवेत असेपर्यंत तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं नव्हतं असं तरी कसं म्हणू? एकदा पाहिलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती तांदूळ निवडताना गात बसली होती, आपल्याच नादात. मी बाहेरच्या खोलीतून म्हणालो होतो, “गंधार चढतोय.” शिकवण्याच्या भल्या हेतूनं म्हणालो होतो. तिनं आवाज हळू केला, आणि काही दिवसांनी गाणंच बंद केलं. मला वाटलं होतं, संसाराला लागली.

तिथून मी घरी गेलो असतो आणि तिच्याशी चार शब्द बोललो असतो, तर ते शहाणपणाचं झालं असतं. मी सभागृहात शिरलो.

साडू खूश. “अरे, मास्तर आले! या, या! खुर्ची द्या रे!” सगळे माझ्याकडे बघायला लागले. नूरभाईंनी आदाब केला. मी खुर्चीवर बसलो नाही. टेबलापाशी गेलो, दोन शेजारच्या सुरांच्या घंटा उचलल्या आणि म्हणालो, “दादा, पाठ फिरवा. मी या दोन वाजवतो. यातली उंच सुराची कोणती ते सांगा.”

“आता कशाला?” ते हसत म्हणाले.

“सांगा तर. गुरू आहात तुम्ही या सगळ्यांचे.”

त्यांनी पाठ फिरवली. मी एक वाजवली, मग दुसरी. लहान मुलानं सांगितलं असतं. साडूंनी मान कलती केली, डोळे मिटले, फार प्रामाणिकपणे ऐकलं आणि म्हणाले, “पहिली.” ती दुसरी होती. मी क्रम बदलून पुन्हा वाजवल्या. “दुसरी,” ते म्हणाले. आता ती पहिली होती. मी घंटा खाली ठेवल्या आणि मंडळींकडे वळून म्हणालो, “बघितलंत? ज्याला उंच-नीच कळत नाही, तो तुम्हाला शिकवतोय. तुम्ही बरोबर वाजवलं की चूक, हेसुद्धा या माणसाला कळत नाही.”

आमच्या हिनं मान खाली घातली, पण ती साडूंच्या लाजेनं नव्हे, एवढं मला तिथंही समजलं. साडू वळले. चेहरा पडला असेल असं मला वाटलं होतं. चेहरा नेहमीचाच होता, फक्त कान लाल झाले होते. ते म्हणाले, “हौ, खरंय. मला नाय कळत.”

मग नूरभाई बोलले. हातमोजे काढत, अगदी हळू आवाजात. “मास्तर, ये बात हमको पैले दिन से मालूम है. हर बार वो हमको पूछते, ‘बराबर हुआ क्या?’ तो हम को सुनना पडता ना. झूट कैसे बोलें उनसे?”

“मी तर आयुष्यात पहिल्यांदा कान देऊन ऐकतेय,” भाजीवाली म्हणाली. “त्यांना ऐकू येत नाय म्हणून.”

इतक्या वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला मी विचारलं नव्हतं की बरोबर झालं का. मीच सांगत आलो होतो. मी बाहेर पडलो आणि क्रांती चौकापर्यंत पायी गेलो. वर्गाचं कुलूप उघडून आत नुसता बसून राहिलो.

आमची ही चार दिवस बोलली नाही. वाढायची, पण बोलायची नाही. पाचव्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला कडी वाजली. दारात साडू. आत येऊन पाटावर बसले, पोहे मागून घेतले आणि जणू काही झालंच नाही अशा सुरात म्हणाले, “मास्तर, अडचण आलीय. नाताळ बारा दिवसांवर आलाय, आन परभणीला नूरभाईंच्या लेकीचे दिवस भरत आलेत, तब्येत बरी नाय तिची. ते गेलेत. दोन घंटा रिकाम्या आहेत. तुमच्याशिवाय दुसरं कोण उभं राहणार?”

मी हिच्याकडे बघितलं. ती पातेल्याकडे बघत होती. मी हो म्हणालो. माफी मागायचा याहून सोपा मार्ग मला दिसत नव्हता. आणि खोटं कशाला बोलू, मनातल्या एका कोपऱ्यात असंही होतं, की आता यांना दाखवतो खरा कलावंत कसा असतो ते.

दाखवलं! त्या दहा-अकरा माणसांत माझ्याइतका वाईट वाजवणारा दुसरा कुणी नव्हता. मला पूर्ण चाल ऐकू यायची, सगळ्यांचे सूर माझ्या डोक्यात आधीच वाजायचे, आणि माझी पाळी यायच्या आतच माझा हात पुढं जायचा. शेजारच्या कंडक्टरचा सूर उशिरा आला की मी चुकचुकायचो, आणि चुकचुकण्यात माझा स्वतःचा निसटायचा. दुसऱ्या सरावाला साडूंनी माझ्या हातातली एक घंटा काढून भाजीवालीला दिली. तिला आता तीन झाल्या, आणि त्या तिन्ही ती कांदे निवडावेत इतक्या सहज वाजवायची. माझ्याकडे एक उरली. पूर्ण भजनात तिचं काम सहा वेळा.

“मास्तर,” साडू मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुमच्या डोक्यात सगळा स्टँड चालू असतो. साऱ्या गाड्या तुम्हीच सोडताय. तुमची एकच आहे. बाकीच्या त्यांच्या त्यांना सोडू द्या की.”

असं मला माझ्या गुरूंनीही कधी ऐकवलं नव्हतं. राग आला, पण त्या रागात पूर्वीचा जोर नव्हता. त्या रात्री जेवताना मी हिला म्हटलं, “ते बत्तीस मात्रा गप्प उभं राहायचं तुला कसं जमतं?” चार-पाच वर्षांत मी तिला संगीतातलं काही विचारलं नव्हतं. विचारलं नव्हतं म्हणजे, कधीच नव्हतं. तिनं वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, “गप्प कुठं असते? बाकीच्यांचं ऐकत असते.” मग तिनं मला टेबलाऐवजी पोळपाट मांडून, हातात डाव आणि पळी देऊन, सगळं भजन मोजून दाखवलं. तिचं मोजणंसुद्धा उर्दूतलं झालं होतं.

नाताळच्या आदल्या दिवशी छावणीतल्या चर्चच्या आवारात मांडव घातला होता. साडूंच्या ओळखीची म्हणजे निम्मं शहर आलं होतं. स्टँडवरचे हमाल, उस्मानपुऱ्यातल्या बायका, सिल्लोडहून दिवाणजींचं अख्खं कुटुंब, आणि पहिल्या रांगेत माझे सासू-सासरे. नूरभाईंची तार सकाळीच आली होती, मुलगी आणि नात दोघी सुखरूप आहेत म्हणून. साडूंनी ती मांडवात सगळ्यांना वाचून दाखवली, स्टँडवर गाडी लागल्याचं सांगतात त्या आवाजात, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते स्टुलावर चढले आणि आम्ही सुरुवात केली.

माझे पहिले पाच सूर ठरल्या वेळी पडले. सहाव्याच्या आधी ती बत्तीस मात्रांची लांब थांबण्याची जागा होती. मी ऐकत होतो. भाजीवालीच्या तीन घंटा, सिस्टरबाईंची मोठी, चांभाराची लिंबाएवढी, आणि मधून मधून शेजारून हिची. ऐकता ऐकता माझं भान गेलं. आयुष्यभर मी गाणं तपासत आलो होतो, नुसतं ऐकायला मिळालं ते असं, भर मांडवात, घंटा छातीशी धरून. माझी पाळी आली आणि निघून गेली. सहावा सूर वाजलाच नाही. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा भजन संपून टाळ्या सुरू झाल्या होत्या. मी घाबरून हिच्याकडे पाहिलं. ती ओठ दाबून हसत होती.

साडू स्टुलावरून उतरून सरळ माझ्याकडे आले आणि दोन्ही हात धरून म्हणाले, “मास्तर! एकदम टाइमावर! बराबर झालं ना?” मी काही बोलायच्या आत भाजीवाली म्हणाली, “बराबर झालं,” आणि दोन्ही कंडक्टर म्हणाले, “एकदम बराबर.” ज्यांना त्यांच्याशी खोटं बोलवत नव्हतं, ती माणसं माझ्यासाठी खोटं बोलली. त्या दिवशी मला साडूंचा जो हेवा वाटला, तेवढा आधी कधी वाटला नव्हता. अशी माणसं या माणसाला मिळतात कशी?

त्यानंतर बरीच वर्षं दर रविवारी आम्ही जमत राहिलो. मी एका घंटेवरच राहिलो, ती मात्र चुकेनाशी झाली. सिस्टरबाई थकल्यावर त्यांनी घंटा नर्सांच्या एका वसतिगृहाला दिल्या आणि आमच्यातल्या मास्तरणीला तिथं शिकवायला पाठवलं. दिवाणजी गेले, नूरभाई लेकीकडे परभणीला राहायला गेले. साडू निवृत्त झाले. स्टँडवर नवा कंट्रोलर आला. साडू रोज सकाळी तिथं जाऊन थोडा वेळ बाकावर बसायचे आणि परत यायचे, असं मी ऐकायचो.

एका मंगळवारी दुपारी ते माझ्या वर्गात आले. माडीचे जिने चढून दम लागला होता. वर्गात कुणी नव्हतं. ते पेटीजवळ जाऊन बसले. मग म्हणाले, “मास्तर, मला एक गाणं शिकवा. एकट्यानं म्हणायचं.”

“एकट्यानं कशाला?”

“घरी मी एकटाच असतो आता. ही लेकीकडे असते निम्मं वर्ष.” मग खाली बघत म्हणाले, “तुम्हाला एक सांगतो. तुमचा लई हेवा वाटायचा मला. पहिल्यापासून. तुम्ही पेटी उघडता, बसता, झालं. कुणी लागत नाय तुम्हाला. मला दहा माणसं लागतात. रविवारी एखादा आला नाय तरी मी दारापर्यंत दहा खेपा घालायचो. वाटायचं, आता उद्या कुणीच नाय आलं तर?”

माझंही त्यांना सांगायचं होतं, अगदी सासूबाईंच्या भाकरीपासून. ओठांवर आलंही होतं. पण मी म्हणालो, “बसा इथं. आधी सा लावू.”

तो हिवाळा आणि उन्हाळ्याची सुरुवात, दर मंगळवारी तीनच्या ठोक्याला ते येत राहिले. मी पेटीवर सा धरायचो आणि ते त्याच्या आजूबाजूनं फिरायचे. कधी वर, कधी खाली, कधी भलत्याच गावात. मी काही म्हणायचो नाही, नुसता धरून ठेवायचो. चैत्रात, झोपेतच, ते गेले. त्याआधीच्या मंगळवारी त्यांचा सा लागला होता. गाता गाता आपोआप येऊन पेटीच्या सुरात मिसळला, इतका की त्यांचा कोणता आणि पेटीचा कोणता हे मलाही वेगळं करता येईना. त्यांना ते कळलं नव्हतं. डोळे मिटून ते तसेच गात होते. बोललो असतो तर ते थांबले असते, म्हणून मी भाता चालू ठेवला.